यादी आणि अमानत

दफ्तर, फर्द, फडणीस, खानेसुमारी. राज्यकारभारातल्या नोंदींसाठी मराठीने वापरलेले हे शब्द फारसीच्या वाटेने आले आणि इथलेच होऊन गेले. आज आपण जिला जनगणना म्हणतो, तिला मागच्या पिढ्यांतील माणसे खानेसुमारी म्हणत. म्हणजे घरांची मोजदाद. राज्य आले की मोजदाद आलीच. शेतसारा घ्यायचा, रेशन द्यायचे, शाळा काढायची, तर माणसे किती आणि कोण हे ठाऊक असावेच लागते. तेव्हा यादी करणाऱ्याचा हेतू वाईटच असतो असे म्हणता येणार नाही. अडचण वेगळीच आहे. यादी करणारा एक असतो आणि पुढे ती हाती पडते दुसऱ्याच्या.

माहितीचे संरक्षण म्हटले की आज आपल्या डोळ्यांसमोर संगणक आणि मोबाइल येतात. हा विषय अभियंत्यांचा आणि वकिलांचा, आपला त्याच्याशी काय संबंध, असेही अनेकांना वाटते. या कायद्याची मुळे मात्र संगणकाच्या आधीच्या काळात, कागदी कार्डांच्या कपाटांपाशी सापडतात.

दुसऱ्या महायुद्धापूर्वी नेदरलँड्समधील प्रत्येक नगरपालिका आपल्या रहिवाशांची काटेकोर नोंद ठेवीत असे. नाव, जन्मतारीख, पत्ता, व्यवसाय आणि त्यांच्याच जोडीला धर्म. या रकान्यात कुणाला काही वावगे दिसले नव्हते. नोंदणी खात्याचा प्रमुख याकोब लेन्ट्झ हा आपल्या कामाने झपाटलेला अधिकारी होता. प्रत्येक नागरिकाला सक्तीचे ओळखपत्र द्यावे, अशी त्याची योजना होती. आपल्या परंपरेत हे बसत नाही, असे सांगून डच सरकारने ती नाकारली. मे १९४० मध्ये जर्मन फौजांनी देश व्यापला आणि नव्या मालकांना लेन्ट्झची योजना फार पसंत पडली. बनावट करणे अतिशय अवघड जाईल असे ओळखपत्र त्याने तयार करून दिले. जानेवारी १९४१ मध्ये ज्यूंना वेगळी नोंदणी सक्तीची झाली. कपाटात कार्ड आधीच होते. मग नाव लपवून जाणार कुठे?

जुलै १९४२ पासून छळछावण्यांकडे गाड्या सुटू लागल्या. नेदरलँड्समधील सुमारे १,४०,००० ज्यूंपैकी जवळपास १,०२,००० मारले गेले, म्हणजे चारातले तीन. पश्चिम युरोपात दुसऱ्या कुठल्याही देशात एवढे प्रमाण नव्हते. शेजारच्या फ्रान्समध्ये १८७२ नंतरच्या जनगणनांत धर्म विचारलाच जात नव्हता. तिथे मारल्या गेलेल्या ज्यूंचे प्रमाण सुमारे एक चतुर्थांश राहिले. या फरकाची सगळी कारणे एका रकान्यात नाहीत. भूगोल, अंमल करणारी यंत्रणा, शेजाऱ्यांची मदत हेही त्यात येते. तरी तयार नोंदवहीने मारेकऱ्यांचे काम किती हलके केले, हे डच माणसांनी डोळ्यांनी पाहिले.

म्हणूनच त्यांच्यातील काहींनी सैनिकांच्या छावणीऐवजी एका सरकारी दफ्तरखान्यावर हल्ला केला. २७ मार्च १९४३ च्या रात्री चित्रकार आणि लेखक विलेम अरोन्देयस, शिल्पकार खेरिट व्हॅन डर व्हेन आणि त्यांचे साथीदार पोलिसांच्या गणवेशात अॅम्स्टरडॅमच्या नोंदणी कार्यालयात शिरले. पहारेकऱ्यांना इंजेक्शन देऊन त्यांनी गुंगीत ठेवले, त्यांना सुखरूप बाहेर नेले आणि मग कार्डांची कपाटे उडवून दिली. सुमारे १५ टक्के नोंदी नष्ट झाल्या. गटातील बहुतेक जण पकडले गेले आणि १ जुलै १९४३ रोजी अरोन्देयससह बाराजणांना गोळ्या घालण्यात आल्या. कागद जाळण्यासाठी माणसांनी प्राण द्यावेत, ही गोष्ट कागदाच्या ताकदीबद्दल पुष्कळ काही सांगून जाते.

युद्ध संपले, कपाटांच्या जागी संगणक आले. १९७० मध्ये पश्चिम जर्मनीतील हेस्से या प्रांताने माहिती संरक्षणाचा जगातील पहिला कायदा केला. १९७३ मध्ये स्वीडनने पहिला राष्ट्रीय कायदा केला. खरी कसोटी लागली ती १९८३ साली. पश्चिम जर्मन सरकारने जनगणना जाहीर केली आणि लोकांनी तिला ठाम विरोध केला. १९३९ च्या नाझी जनगणनेत प्रत्येकाच्या आजी-आजोबांचे ज्यूपण विचारले गेले होते. त्याची आठवण असलेली माणसे अजून हयात होती. लोकांचा मुख्य आक्षेप असा होता की, आकडेवारीसाठी म्हणून घेतलेली उत्तरे नगरपालिकांची नोंदपुस्तके दुरुस्त करण्यासाठी वापरली जाणार होती. प्रकरण घटना न्यायालयात गेले आणि १५ डिसेंबर १९८३ रोजी निकाल लागला. न्यायालयाने मोजदाद बेकायदा ठरवली नाही. हा दुहेरी वापर मात्र रद्द केला. निकालाचा मथितार्थ असा : आपल्याबद्दल कुणाला काय ठाऊक आहे हेच ज्याला कळत नाही, तो माणूस सभेला जायला, मत मांडायला कचरू लागतो, आणि लोकशाहीचेच त्यात नुकसान होते. संगणकाच्या युगात कुठलीच माहिती क्षुल्लक उरत नाही, असेही न्यायालयाने बजावले.

या सगळ्या अनुभवातून दोन तत्त्वे घडली. पहिले, माहिती ज्या कामासाठी घेतली त्याच कामासाठी ती वापरावी. दुसरे, काही माहिती विशेष जपावी. २८ जानेवारी १९८१ रोजी स्ट्रासबर्ग येथे सह्यांसाठी खुल्या झालेल्या युरोपीय करारात वंश, राजकीय मत, धर्मश्रद्धा, आरोग्य अशी माहिती वेगळी काढून तिच्याभोवती जादा कुंपण घातले गेले. २५ मे २०१८ पासून लागू झालेल्या युरोपीय संघाच्या कायद्यातही ते कुंपण कायम आहे.

हा झाला युरोपचा इतिहास. यादीचा स्वभाव मात्र आपल्याला परका नाही. डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ मध्ये मुंबईत झालेल्या दंगलींची चौकशी न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या आयोगाने केली. त्यांचा अहवाल १९९८ मध्ये सादर झाला. मुसलमानांवरील हल्ले लष्करी शिस्तीने झाले आणि हल्लेखोरांच्या हाती आस्थापनांच्या आणि मतदारांच्या याद्या होत्या, असे त्या अहवालात नमूद आहे. इथे क्षणभर थांबावे. मतदारयादी लोकशाहीसाठी तयार होते. तिच्यात धर्माचा रकाना नसतो. तरी ती हातात घेऊन घरे हुडकता आली, कारण नावावरून धर्म ओळखता येतो. रकाना काढून टाकला की धोका टळतो, हा समज मुंबईच्या गल्ल्यांनी तेव्हाच खोटा ठरवला होता.

जमावाने बोट फिरवत एकेक नाव वाचले. संगणकाला तेवढी तसदी पडत नाही. आपण कुठे जातो, काय विकत घेतो, दिवसातून कितीदा कुठले पान उघडतो, यावरून तो माणसाचा धर्म, आजार आणि राजकारण ताडतो. नमाजाच्या वेळा आणि किब्ल्याची दिशा दाखवणारे एक अॅप जगभर कोट्यवधी लोकांच्या मोबाइलमध्ये आहे. त्याच्या वापरकर्त्यांच्या ठावठिकाण्याची माहिती एक्स-मोड या कंपनीकडे जाते आणि ती कंपनी अमेरिकी लष्कराशी संबंधित कंत्राटदारांना माहिती विकते, हे नोव्हेंबर २०२० मध्ये पत्रकारांनी उघड केले. अॅपच्या चालकांनी त्यानंतर तो व्यवहार थांबवल्याचे जाहीर केले. जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने एक्स-मोडच्या नव्या अवताराला प्रार्थनास्थळे, दवाखाने अशा नाजूक ठिकाणांच्या भेटींची माहिती विकण्यास मनाई केली. दिशा विचारली होती किब्ल्याची, नोंद झाली घराची आणि मशिदीची. धर्माचा रकाना इथेही कुणी भरला नव्हता. लिथुआनियातील एका प्रकरणात १ ऑगस्ट २०२२ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने नेमके हेच ओळखले. ज्या माहितीवरून नाजूक गोष्ट ताडता येते, त्या माहितीलाही तेच जादा संरक्षण हवे, असा निर्णय त्याने दिला.

आपल्याकडे १९५४ आणि १९६२ च्या निकालांमुळे खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे की नाही, याचा घोळ दीर्घकाळ चालला. आधारविरुद्ध २०१२ साली निवृत्त न्यायमूर्ती के. एस. पुट्टस्वामी न्यायालयात गेले, तेव्हा त्यांचे वय ८६ होते. त्यांच्या प्रकरणात २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने हा हक्क मान्य केला. त्याच सुमारास केंद्र सरकारने कायद्याचा मसुदा करण्यासाठी समिती नेमली आणि तिचे अध्यक्ष होते न्यायमूर्ती श्रीकृष्ण. मतदारयाद्यांची गोष्ट ज्यांनी आपल्या अहवालात नोंदवली, त्यांच्याच समितीने २०१८ च्या मसुद्यात धर्म आणि जात यांना संवेदनशील माहितीच्या वर्गात घातले. २०१९ मध्ये विधेयक संसदेत आले, तेव्हा सरकारी यंत्रणांना दिलेल्या मोकळीकीवर श्रीकृष्ण यांनीच जाहीर टीका केली. ते विधेयक ऑगस्ट २०२२ मध्ये मागे घेण्यात आले.

ऑगस्ट २०२३ मध्ये जो कायदा झाला, त्यात चांगले नाही असे नाही. संमती घेताना कारण सांगावे लागते, दिलेली संमती मागे घेता येते, चुकीची माहिती दुरुस्त करून मागता येते आणि दंड २५० कोटी रुपयांपर्यंत जाऊ शकतो. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले आणि मुख्य तरतुदींसाठी पुढे अठरा महिन्यांची मुदत ठेवली गेली. मात्र संवेदनशील माहितीचा वेगळा वर्ग या कायद्यात उरला नाही. धर्म आणि चपलेचे माप कायद्याच्या लेखी एकाच रांगेत आले. शिवाय केंद्र सरकार अधिसूचना काढून आपल्या यंत्रणांना या कायद्यातून वगळू शकते. जनगणनेच्या नोंदी कुणाला पाहता येणार नाहीत, पुरावा म्हणून वापरता येणार नाहीत, असे १९४८ च्या जनगणना कायद्याने बजावून ठेवले आहे. २०२७ च्या जनगणनेसाठी डिजिटल पद्धत आणि जातीची नोंद ठरवण्यात आली. अशा वेळी त्या जुन्या कलमाचे मोल अधिकच जाणवते.

श्रीकृष्ण समितीने एक शब्द मात्र असा दिला, जो या कायद्यातही टिकून राहिला. माहिती गोळा करणाऱ्याला जग मालक किंवा नियंत्रक म्हणत आले. समितीने त्याला विश्वस्त म्हटले. आपल्याकडे या नात्याला जुना शब्द आहे, अमानत. शेजाऱ्याने विश्वासाने ठेवायला दिलेली वस्तू आपल्या घरात असते, पण ती आपली होत नाही. वापरायची तर त्याला विचारूनच. त्यात गफलत झाली तर तिला खयानत म्हणतात. नाव, पत्ता, बोटांचे ठसे, फोनने टिपलेली वाट, हे सारे आपण सरकारकडे आणि कंपन्यांकडे ठेवलेली अमानतच आहे. ज्या समाजांनी तिची खयानत भोगली, त्यांनी कायदे केले. दफ्तरखान्याला आग लावण्याची पाळी कुणावर न यावी, एवढीच त्या कायद्यांकडून अपेक्षा आहे. आणि तिचा हिशेब आपणच मागत राहायला हवा.