तिरपी ठळक अक्षरे

आपल्या गावाच्या नावास 'रेल्वे' हे शेपूट जोडावे लागते, कारण याच जिल्ह्यात चांदूर बाजारही आहे. हस्तपत्रकावर हा शब्द बारीक छापला आणि बाहेरगावचा वक्ता भलत्याच चांदुरास उतरला, असे होऊ नये म्हणून आम्ही तो ठळक व तिरपा घालून घेत असू; जणू अक्षरच गाडी गाठण्यास धावते आहे! या अक्षरांचा नाद आम्हांस लागला तो असा.

तिरपे अक्षर मुळात ओरडण्यासाठी जन्मले नाही. व्हेनिसच्या आल्डस मनुटियसने १५०१ साली व्हर्जिलचे छोटेखानी पुस्तक तशा खिळ्यांत छापले; खिळे कोरले फ्रांचेस्को ग्रिफो या कारागिराने. लिहित्या हाताची ती नक्कल. टोकांच्या आडव्या रेघा गाळलेले रोमन अक्षर पुष्कळ उशिराचे. लंडनच्या चौथ्या विल्यम कॅसलनच्या नमुन्यांत १८१६ साली त्याची एकच ओळ आली. पुढे या दोहोंचे लग्न लागले, आणि जाहिरातवाल्यांनी त्या जोडप्यास खाऊ घालून लठ्ठ केले.

आपल्याकडे जावजी दादाजींनी मुंबईस १८६४ साली खिळ्यांची ओतशाळा आणि १८६९ साली निर्णयसागर छापखाना काढला. राणोजी रावजी आरू यांनी त्यांच्यासाठी कोरलेली अक्षरे बोरूच्या वळणाची, कोठे जाड, कोठे बारीक. रोमनसारखी टोकाची रेघ नागरीला मुळातच नाही. तेव्हा आपल्या लिपीत तसे साधे अक्षर करायचे म्हणजे हा जाड-बारीकपणा काढून टाकायचा. तेवढे जमते. तिरपेपणाशी मात्र नागरीचे भांडण आहे. शिरोरेषा आडवीच राहते, काना तेवढा झुकतो, आणि वरची मात्रा उजवीकडे सरकून खिळ्याच्या अंगाबाहेर लोंबते. खिळ्याचा धातू शिशाचा. लोंबता भाग दाबाखाली मोडतो.

१९९२ साली आम्ही 'वेतनासाठी सभा' असा मथळा याच अक्षरांत दिला. छपाई चालू असता मात्रा उडाली, कोणाच्या ध्यानात आले नाही, आणि कामगारांच्या हाती 'वतनासाठी सभा' पडली. एका म्हाताऱ्या हमालाने विचारले, "भाऊ, वतन कोनाले भेटनार हाये?" हसू आले खरे, पण तो गृहस्थ एकेका अक्षरावर बोट ठेवून वाचत होता, हे आम्ही त्या दिवशी प्रथम पाहिले. उभ्या अक्षरांवर त्याचे बोट नीट चाले, तिरप्यावर अडखळे. ज्यांच्यासाठी पत्रक काढावयाचे त्यांनाच ते वाचता येऊ नये, ही चूक छापखान्याची नव्हे, आमची होती. तेव्हापासून तारीख, वेळ, जागा आणि मागणी सरळ अक्षरांत.

आता संगणकावर मात्रा मोडत नाही. पण कळ दाबून सरळ अक्षर कलते केले की 'व'चे पोट एकीकडे दबते आणि जाडी बिघडते. मुंबईच्या एक टाईप या मंडळींनी केलेले 'मुक्ता' पाहावे: जवळजवळ सारख्या रेघेचे, आणि सात जाड्यांत. आमच्या पत्रकांचा मजकूर जुळविणारा मुलगा अजूनही सारा मथळा तिरपा करून आणतो. आम्ही तो सरळ करावयास लावतो. 'रेल्वे' तेवढे तसेच ठेवतो.