न भिजणाऱ्या पंखाची कुळकथा

कीटकाचा पूर्ण उलगडलेला पंख म्हणजे शिरांच्या चौकटीवर ताणलेला, पुष्कळदा अवघ्या काही मायक्रोमीटर, म्हणजे मिलीमीटरच्या काही हजारांश जाडीचा पापुद्रा असून, शिरांमधले रक्तद्रव आणि मज्जातंतू वगळले तर त्यात जिवंत असे फारसे काही उरलेले नसते. पंख उलगडून ताठ झाला की त्याच्या वरच्या व खालच्या पदरांमधील पेशी नाहीशा होतात, दोन्ही पदर एकमेकांना चिकटतात, आणि त्यानंतर त्याला गेलेली चीर सांधत नाही की झिजलेला भाग पुन्हा वाढत नाही. अशा पापुद्र्यावर त्याच्याच जाडीइतका पाण्याचा थर पसरला तरी त्याचे वजन जवळजवळ दुपटीला जाते, आणि दोन ओले पंख एकमेकांना चिकटले तर लहान कीटकाला ते सोडवणेही अवघड होते. म्हणून न भिजण्याची सोय पंख घडतानाच, त्याच्या पृष्ठभागात कायमची घडवून ठेवावी लागते.

या सोयीचे सर्वांत जुने मूळ मात्र पाणी बाहेर ठेवण्याच्या नव्हे, तर ते शरीरात राखण्याच्या गरजेत शोधावे लागते. लहान देहाचे पृष्ठफळ त्याच्या आकारमानाच्या मानाने फार मोठे असल्यामुळे जमिनीवर राहणारा कीटक सतत वाळून जाण्याच्या धोक्यात असतो, आणि या धोक्यापासून त्याला वाचवतो तो उपत्वचेच्या, म्हणजे शरीरावरील कठीण आवरणाच्या, अगदी बाहेरच्या पदरातील मेणाचा अतिसूक्ष्म थर. व्हिन्सेंट विगल्सवर्थ या ब्रिटिश कीटकशास्त्रज्ञाने १९४५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत बारीक, खरखरीत भुकटीने ज्यांचे अंग घासले गेले असे कीटक कोरड्या हवेत झपाट्याने वाळत असल्याचे दिसले, कारण भुकटीच्या कणांनी मेणाचा थर ओरखडला जात होता. कडधान्याला राख चोळून ठेवण्याची महाराष्ट्रातील घराघरांतली रीत किडीला आवरते त्यामागेही काही अंशी हेच कारण असते. आत पाणी राखणारे हेच मेण बाहेरच्या पाण्यालाही दूर लोटते, आणि पंखाच्या वाट्याला ते देहाच्या आवरणाबरोबर वारशानेच आलेले आहे.

पण मेणाने सारे साधत नाही, आणि ते का साधत नाही हे समजण्यासाठी स्पर्शकोनाची कल्पना ध्यानात घ्यावी लागते. थेंब जिथे पृष्ठभागाला टेकतो तिथे त्याच्या कडेने पृष्ठभागाशी पाण्याच्या बाजूने केलेला कोन म्हणजे स्पर्शकोन. टॉमस यंग यांनी १८०५ मध्ये त्याची मांडणी केली. हा कोन जितका मोठा तितका थेंब अधिक गोल, आणि पृष्ठभागाशी त्याचा संबंध तितका कमी. गुळगुळीत मेणावर हा कोन सुमारे ११० अंशांपर्यंत जातो, आणि कोणताही पदार्थ घेतला तरी पृष्ठभाग गुळगुळीत असेल तर सुमारे १२० अंशांची मर्यादा सहसा ओलांडता येत नाही. अळवाच्या पानावरचा थेंब मात्र ही मर्यादा केव्हाच ओलांडून मोत्यासारखा घरंगळतो. क्षणभंगुरतेसाठी ‘अळवावरचे पाणी’ हा शब्दप्रयोग घडवणाऱ्या मराठीभाषकांनी ती घटना अचूक टिपली होती. तिचे कारण मात्र पानाच्या मेणाइतकेच त्याच्या खडबडीतपणात दडलेले होते.

या खडबडीतपणाचे गणित जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत नव्हे, तर मुख्यतः कापडाच्या अभ्यासातून उभे राहिले, आणि ही गोष्ट या कुळकथेत विशेष महत्त्वाची आहे. पिट्सबर्ग येथील मेलन इन्स्टिट्यूटमधील रॉबर्ट वेन्झेल यांनी १९३६ मध्ये दाखवले की मुळात पाणी झिडकारणारा पृष्ठभाग खडबडीत केला की तो अधिकच झिडकारू लागतो, कारण प्रत्यक्ष स्पर्शाचे क्षेत्र वाढते. इंग्लंडमधील लीड्स येथे लोकर-उद्योगाच्या संशोधनसंस्थेत काम करणारे कॅसी आणि बॅक्स्टर १९४४ मध्ये याच्या पुढे गेले. धाग्यांची वीण सच्छिद्र असेल तर पाणी छिद्रांत शिरत नाही, ते धाग्यांच्या माथ्यांवर तोलून राहते आणि त्याच्याखाली हवा अडकून पडते. म्हणजेच थेंबाच्या तळाचा बराचसा भाग कापडावर नव्हे, तर हवेवर टेकलेला असतो. पावसात न भिजणारे कापड कसे असावे याचा नमुना त्यांना बदकाच्या पिसांत दिसला, आणि पुढच्याच वर्षी त्यांनी वनस्पती व प्राणी यांच्या पृष्ठभागांवरील मोठ्या स्पर्शकोनांबद्दल ‘नेचर’मध्ये लिहिले.

सिद्धान्त हाती आला होता. पंखावरची वीण पाहण्याचे साधन मात्र अजून यायचे होते. क्रमवीक्षण इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक, म्हणजे इलेक्ट्रॉनांचा झोत पृष्ठभागावरून ओळीओळीने फिरवून त्याचे चढउतार दाखवणारे यंत्र, १९६५ पासून बाजारात मिळू लागले, आणि बॉन येथील विल्हेल्म बार्टलॉट यांनी त्याचा उपयोग पानांच्या पृष्ठभागांसाठी केला. त्यांच्याच गटातील वाग्नर, नाइनहुइस आणि बार्टलॉट यांनी १९९६ मध्ये ९७ जातींच्या कीटकांचे पंख तपासले, तेव्हा स्पर्शकोन सुमारे ३२ अंशांपासून १५५ अंशांपर्यंत बदलताना आढळले. या फरकाची संगती फार सुंदर आहे: ज्या कीटकांचे पंख लहान असल्याने किंवा झाकलेले असल्याने पायांनी पुसता येतात त्यांचे पंख सहज भिजतात, तर चतुर, फुलपाखरे यांसारख्या ज्या कीटकांचे पाय मोठ्या पंखांवर सर्वत्र पोचत नाहीत त्यांचे पंख भिजत नाहीत, आणि घरंगळणारा थेंबच त्यांवरची धूळ उचलून नेतो. दुसऱ्याच वर्षी याच गटाचा कमळाच्या पानावरील लेख प्रसिद्ध झाला आणि ‘लोटस इफेक्ट’ हे नाव जगभर रूढ झाले. कमळाचे पान कितीही मोहक असले, तरी उडण्याची जबाबदारी असलेल्या पंखाचे उदाहरण या गुणाची निकड अधिक नेमकेपणाने पटवते.

ती निकड वाळवीत सर्वांत ठळक दिसते. पहिल्या पावसानंतर दिव्याभोवती गर्दी करणारी पंखांची वाळवी मुळात उड्डाणात दुबळी असते, आणि तरीही तिला वारूळ सोडण्यासाठी ओला काळच निवडावा लागतो. ऑस्ट्रेलियातील वाळवीच्या काही जातींच्या पंखांवर ग्रेगरी व जोलांटा वॉटसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दुहेरी रचना वर्णिली आहे: वर खाचा असलेले केस, जे मोठे थेंब पंखापासून दूर तोलून धरतात, आणि त्यांच्याखाली ताऱ्यांच्या आकाराचे सूक्ष्म उंचवटे, जे केसांच्या मधून येऊ पाहणाऱ्या बारीक थेंबांना अडवतात.

मेफ्लाय या कीटकाची तऱ्हा याहून निराळी. कार्यक्षम पंख आल्यानंतर पुन्हा कात टाकणारा आज हयात असलेला हा एकमेव कीटकगण असून, पाण्यातून बाहेर पडणाऱ्या त्याच्या उपप्रौढ अवस्थेचे पंख दाट, न भिजणाऱ्या सूक्ष्म केसांमुळे मळकट दिसतात. पुढची कात टाकल्यावर येणारे पंख बहुधा चकचकीत व पारदर्शक असतात. पाण्याच्या पृष्ठभागातून सुटताना केसांचा पंख उपयोगी पडतो आणि ते काम झाल्यावर तो टाकून दिला जातो, असे यावरून मानले जाते.

सिकाडाच्या पंखाने या कथेला अनपेक्षित वळण दिले. साल्टोडा क्लॅरिपेनिस या ऑस्ट्रेलियन जातीच्या पारदर्शक पंखावर सुमारे २०० नॅनोमीटर उंचीचे (नॅनोमीटर म्हणजे मिलीमीटरचा दहा लाखावा भाग) बोथट खांब दाटीने उभे असतात. दवाचे दोन बारीक थेंब त्यांवर एकत्र आले की पृष्ठफळ घटल्याने मोकळी झालेली ऊर्जा जोडलेल्या थेंबाला पंखावरून उडवून देते आणि त्याच्यासोबत धूळही जाते, असे २०१३ मध्ये दाखवण्यात आले. म्हणजे स्वच्छतेसाठी पाऊस किंवा वाराही आवश्यक राहत नाही. त्याआधी एक वर्ष, मेलबर्नच्या स्विनबर्न विद्यापीठातील एलेना इव्हानोव्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांना याच पंखाला चिकटलेले स्यूडोमोनास जिवाणू काही मिनिटांत फाटून मरताना दिसले होते. हा परिणाम मेणाचा की खांबांच्या आकाराचा, हे ठरवण्यासाठी त्यांनी पंखावर सोन्याचा सुमारे १० नॅनोमीटर जाडीचा थर चढवला. खांबांचा आकार तसाच राहिला, पाणी झिडकारण्याची शक्ती पुष्कळ घटली, आणि जिवाणू मात्र पूर्वीसारखेच मरत राहिले.