आधी कोण जाणार? रस्ता, पोलीस आणि परदेशातून येणारी आपली माणसं

जन्मभर तत्त्वज्ञान शिकवलेला माणूस आज वाहतुकीवर बोलणार म्हटल्यावर काहींना आश्चर्य वाटलं असेल. पण नीतीचा प्रश्न रोज सगळ्यात आधी कुठे भेटतो? चौकात. आधी मी जाणार की तू? कुणी थांबायचं आणि का थांबायचं? हा प्रश्न जालन्याच्या प्रत्येक चौकात दर मिनिटाला सुटतो, किंवा सुटत नाही.

निमित्त आपल्या घरचंच आहे. दिवाळीला नाहीतर डिसेंबरात आपली परदेशातली मुलं-नातवंडं घरी येतात. एक काळ असा होता की जालन्याचा मुलगा औरंगाबादला शिकायला गेला तरी गावभर बातमी व्हायची. आता घराआड एक जण अमेरिकेत, जर्मनीत, ब्रिटनमध्ये आहे. आणि एक वर्ग असा आहे ज्याला आपण ‘एनआरआय’ म्हणतच नाही. आखातात ट्रक, टॅक्सी, क्रेन चालवणारी आपल्या तालुक्यांतली माणसं. दोघंही घरी आले की पहिल्या दोन दिवसांत एक वाक्य हमखास येतं, ‘आपल्याकडे शिस्तच नाही. आपल्या रक्तातच नाही ती.’

या वाक्याची मला आज इतिहासाच्या अंगाने तपासणी करायची आहे. वाक्य रागाचं आहे, प्रेमाचंही आहे. पण खरं आहे का?

पहिली गोष्ट. गाडीखाली माणूस आला तर जबाबदार कोण, हा विचार आपल्याकडे बाहेरून आलेला नाही. मनुस्मृतीच्या आठव्या अध्यायात यावर सलग श्लोक आहेत. वेसण तुटली, जू मोडलं, आस मोडला, चाक निखळलं, असे दहा प्रसंग सांगितले आहेत ज्यांत गाडीवानाला दंड नाही. दहावा प्रसंग म्हणजे त्याने ‘बाजूला व्हा’ असं ओरडून सांगितलं असेल तर. आजच्या हॉर्नचं मूळ तिथपर्यंत नेता येईल! पुढचा नियम जास्त महत्त्वाचा आहे. गाडीवान अकुशल असेल आणि त्यामुळे इजा झाली तर दंड मालकाला, दोनशे पण. गाडीवान कुशल असेल तर दंड गाडीवानाला. आणि अकुशल माणसाच्या गाडीत जाणून बसलेल्या प्रवाशांनाही प्रत्येकी शंभर पण दंड. म्हणजे मालक, चालक आणि प्रवासी अशी तिघांची जबाबदारी वेगवेगळी मोजलेली आहे. विनापरवाना पोराच्या हातात ट्रॅक्टर देणाऱ्या मालकाबद्दल आपण आज याहून पुढचं काय म्हणतो?

पण मंडळी, त्याच ग्रंथाचं मी कौतुक करून थांबलो तर ते अर्धसत्य होईल. ज्या ग्रंथाचं २५ डिसेंबर १९२७ रोजी महाडला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली दहन झालं, तो हाच ग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात वाट कुणी कुणाला द्यायची याची यादी आहे. गाडीवाला, नव्वदी ओलांडलेला म्हातारा, आजारी, डोक्यावर ओझं असलेला, स्त्री, विद्या पूर्ण केलेला स्नातक, राजा आणि नवरदेव. यादी नीट ऐका. तिच्यात दोन तत्त्वं एकत्र आली आहेत. म्हातारा, आजारी, ओझंवाला यांना वाट द्यायची ती त्यांच्या गरजेमुळे. राजाला आणि स्नातकाला वाट द्यायची ती त्यांच्या मोठेपणामुळे. आणि ज्या समाजात काही माणसांना रस्त्यावर सावलीसकट बाजूला व्हावं लागत होतं, तिथे या दोन तत्त्वांपैकी कोणतं जिंकलं हे मी सांगायला नको.

आता आजचा चौक डोळ्यांसमोर आणा. ट्रकपुढे कार थांबते, कारपुढे मोटारसायकल, मोटारसायकलपुढे सायकल आणि सगळ्यांपुढे पायी चालणारी म्हातारी. झेंड्याची गाडी, ‘ओळखलं नाही का मला’ म्हणणारा माणूस, हे सगळे आधी. म्हणजे आपल्या रस्त्यावर नियम नाही असं नाही. नियम आहे आणि तो फार कडक पाळला जातो. तो मोठेपणाचा नियम आहे. परदेशातला आपला मुलगा ज्याला बेशिस्त म्हणतो ती खरं तर जुनी शिस्त आहे.

मग इंग्लंड-अमेरिकेत दुसरी शिस्त कुठून आली? त्यांच्या रक्तातून? इतिहास बघू.

१८६८च्या डिसेंबरात लंडनमध्ये संसदेजवळ जगातला पहिला वाहतूक दिवा लागला. गॅसवर चालायचा, पोलीस हाताने फिरवायचा. महिन्याभरातच त्याचा स्फोट झाला आणि तो फिरवणारा पोलीसच जखमी झाला. १७ ऑगस्ट १८९६ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आवारात ब्रिजेट ड्रिस्कॉल ही बाई मोटारीखाली सापडून गेली. ब्रिटनमध्ये मोटारीने मेलेली ती पहिली पादचारी. असं पुन्हा कधी घडू नये, अशी अपेक्षा त्या वेळी मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने व्यक्त केली. पुढे काय झालं? १९३० साली ब्रिटनमध्ये जेमतेम तेवीस लाख वाहनं होती आणि रस्त्यावर सात हजारांहून जास्त माणसं मेली. त्याच वर्षीच्या कायद्याने मोटारींची वेगमर्यादा चक्क काढून टाकली होती! सज्जन माणसं गाडी जपून चालवतीलच, असा त्यामागे भाव. चार वर्षांत चूक उमगली आणि वस्तीच्या भागात ताशी तीस मैलांची मर्यादा परत आणावी लागली. वाहन चालवण्याची परीक्षा सक्तीची झाली १९३५मध्ये. १९६६ साली तिथे जवळपास आठ हजार माणसं रस्त्यावर गेली. मग १९६७मध्ये तोंडाचा श्वास तपासून दारू पकडण्याचं यंत्र आलं, १९८३मध्ये पुढच्या सीटवर पट्टा सक्तीचा झाला. आज वाहनं कितीतरी पटीने वाढूनही तिथले मृत्यू वर्षाला सुमारे सतराशे आहेत.

स्वीडनचं उदाहरण आणखी बोलकं आहे. ३ सप्टेंबर १९६७ला पहाटे सगळ्या देशाने डावी बाजू सोडून उजवी धरली. शतकांची सवय एका रात्रीत बदलली. त्याच देशाच्या संसदेने १९९७मध्ये ठरवलं की रस्त्यावर एकही मृत्यू मान्य नाही. माणूस चुकणारच, हे धरून रस्ता बांधायचा. चुकीची शिक्षा मृत्यू नसावी, हे त्या धोरणाचं नैतिक सूत्र.

तेव्हा शिस्त रक्तात नसते. ती कायद्यात, रस्त्याच्या बांधणीत, परवान्याच्या परीक्षेत आणि पोलिसाच्या वागण्यात पन्नास-साठ वर्षं मुरवावी लागते.

आपल्याकडे काय मुरलं? आपण निजामाच्या संस्थानातले. १९३२ साली निजाम स्टेट रेल्वेने रस्ता वाहतूक विभाग काढला, सत्तावीस बसगाड्यांवर. म्हणजे मोटार आपल्याकडे आली ती सरकारची म्हणून. १७ सप्टेंबर १९४८ला मराठवाडा मुक्त झाला. त्या लष्करी मोहिमेलाही लोक अजून ‘पोलीस ॲक्शन’च म्हणतात. १९५६ला आपण मुंबई राज्यात आलो, १९६०ला महाराष्ट्रात, १९६१ला इथली एसटी राज्याच्या महामंडळात मिळाली आणि १ मे १९८१ला जालना स्वतंत्र जिल्हा झाला. या सगळ्या प्रवासात पोलीस म्हणजे सरकार, सरकार म्हणजे धाक, ही समजूत तशीच राहिली. चौकातला हवालदार माझ्या जिवासाठी उभा आहे, असं आपल्याला कधी वाटलंच नाही. तो ‘धरतो’, आपण ‘सुटतो’. आपली क्रियापदंच बघा ना!

परदेशातली माणसं काय बघतात ते इथे उपयोगी पडतं. अमेरिकेत राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने सांगितलं, ‘सर, तिथे पोलिसाने थांबवलं की गाडीतून उतरायचं नाही, हात स्टिअरिंगवर दिसतील असे ठेवायचे. इथे मात्र उतरून साहेबांजवळ गेलो नाही तर उद्धट ठरतो.’ तिथल्या पोलिसाला बंदुकीची भीती, इथल्याला मानाची अपेक्षा. तेव्हा परदेशातलं सगळंच आदर्श आहे असं समजू नका. गाडी थांबवण्यातून गोळीबार झाल्याच्या, त्यात कृष्णवर्णीयांचे जीव गेल्याच्या बातम्या आपण वाचल्या आहेत. मोठेपणाचा आणि रंगाचा नियम तिथेही पुरता मेलेला नाही.

परतूरकडचे एक गृहस्थ आखातात बरीच वर्षं ट्रेलर चालवत होते. त्यांचं निरीक्षण मला जास्त खोल वाटलं. ते म्हणाले, ‘सर, तिथं कॅमेऱ्याला ओळख सांगता येत नाही. शेखाची गाडी असो का माझी, दंड मोबाइलवर येतो. इथं आल्यावर पहिल्या नाक्यावर मला कळतं की आता बोलून भागणार आहे.’ मी विचारलं, मग तुम्ही इथे कसं चालवता? हसले. म्हणाले, ‘इथल्यासारखं.’

या ‘इथल्यासारखं’मध्ये सगळं तत्त्वज्ञान आहे. अठराव्या शतकात डेव्हिड ह्यूमने एक दाखला दिला. दोन माणसं एक नाव वल्हवतात. त्यांनी एकमेकांना वचन दिलेलं नसतं, तरी ताल जमतो, कारण दुसरा वल्हवणार याची प्रत्येकाला खात्री असते. रस्त्याचा नियम असाच असतो. दुसरा लाल दिव्याला थांबेल ही खात्री असेल तर मी थांबतो. ती नसेल तर थांबणारा मागून धडक खातो. तोच माणूस लंडनला थांबतो आणि जालन्यात थांबत नाही. त्याचं चारित्र्य विमानात बदललं का? नाही. खात्री बदलली.

आता हे सगळं आपल्या जिल्ह्याच्या रस्त्यावर ठेवून बघू. जालना म्हणजे लोखंडाच्या सळ्या आणि बियाणं. सळ्यांनी भरलेले ट्रक, मागे फूटभर बाहेर आलेली टोकं. अंबड-घनसावंगीकडे गाळपाच्या हंगामात उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या, कित्येकांना मागे लाल पट्टी नाही. आणि आता समृद्धी महामार्ग. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ला सुरू झाला, जालना-बदनापूरवरून गेला. ताशी १२० किलोमीटरचा रस्ता, दुचाकीला आणि रिक्षाला बंदी. १ जुलै २०२३च्या मध्यरात्रीनंतर सिंदखेड राजाजवळ खासगी बस उलटून पेटली, २५ प्रवासी गेले. आपल्या वेशीवरची गोष्ट आहे ती. रस्ता परदेशासारखा झाला. पण चालकाची झोप, त्याचे कामाचे तास, बसमधून बाहेर पडायची वाट, या गोष्टी रस्त्याबरोबर आपोआप येत नाहीत.

केंद्र सरकारच्या अहवालाप्रमाणे २०२२ साली देशात १,६८,४९१ माणसं रस्त्यावर मेली, त्यांत महाराष्ट्रातली १५,२२४. दर शंभरातली सुमारे ४४ दुचाकीवरची, १९ पायी चालणारी. म्हणजे मोठेपणाच्या नियमात जे सगळ्यात खाली, तेच सगळ्यात जास्त मरतात. आणि हे आपल्याला धक्का देत नाही, ‘वेळ आली होती’ म्हणून आपण पुढे जातो. कर्मसिद्धान्ताचा याहून वाईट वापर मला माहीत नाही.

कायदा आपल्याकडे कमी नाही. १९८८चा मोटार वाहन कायदा आहे, २०१९ला त्यात मोठी दुरुस्ती झाली, दंड कितीतरी पटीने वाढले आणि महाराष्ट्राने नवे दर डिसेंबर २०२१ला लावले. जखमीला दवाखान्यात नेणाऱ्याला त्रास होऊ नये यासाठी सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०१६मध्ये मार्गदर्शक तत्त्वं बंधनकारक केली, पुढे ती तरतूद कायद्यातच आली. तुम्ही जखमीला नेलंत तर पोलीस तुम्हाला नाव सांगायला भाग पाडू शकत नाहीत. इथे बसलेल्या किती जणांना हे माहीत आहे? हेल्मेटचा दंड मात्र सगळ्यांना पाठ आहे. दंडाचं ज्ञान पोचलं, संरक्षणाचं नाही. हा पोलीस आणि आपल्यामधला जुना हिशेब आहे.

मग करायचं काय? परदेशातल्या आपल्या माणसांना माझी एक विनंती आहे. सुट्टीत येऊन आम्हाला शिव्या देऊ नका, आणि ‘इथल्यासारखं’ चालवूही नका. दोन्ही सोपं आहे. तिथे परवान्यासाठी तुम्हाला किती वेळा नापास केलं, ते गावातल्या पोरांना सांगा. घरच्या ट्रॉलीला लाल पट्टी लावायला भावाला भाग पाडा. गाडी चालवताना धाकट्या भावाच्या नावावर, काकांच्या ओळखीवर सुटू नका, पावती घ्या. तुमची पावती गावात चार जण बघतात.

आणि आपण इथले? त्या जुन्या यादीतला अर्धा भाग आपण ठेवू शकतो. म्हातारा, आजारी, ओझंवाला, लेकरू घेतलेली बाई यांना वाट द्यायची, हे आपल्याला कुठल्या विमानाने आणायचं नाही. राजाला वाट देणं तेवढं बंद करायचं. मोंढ्यातल्या चौकात पायी चालणाऱ्यासाठी पहिल्यांदा एक ट्रक थांबेल, तेव्हा मागचे दहा जण हॉर्न वाजवतील. दुसऱ्या दिवशी नऊ वाजवतील. ब्रिटनला हे जमायला पन्नास वर्षं लागली, आपल्याला थोडी कमी लागावीत, कारण त्यांच्या चुका आपल्यासमोर लिहून ठेवलेल्या आहेत.

एवढं बोलून थांबतो. वाहतूक शाखेतले काही कर्मचारी मागे बसलेले दिसतात. आपली बाजूही ऐकायची आहे, तेव्हा पहिला प्रश्न तुमच्याकडून येऊ द्या.