उमेदवारी ते व्हॉट्सअ‍ॅप : मोडी शिकणाऱ्या प्रौढांचा इतिहास (थ्रेड)

मोडी लिपी मेली, असे म्हणण्याचा प्रघात आहे. परंतु आज रात्री जेवणे आटोपल्यावर कितीतरी फोनांवर एखाद्या जुन्या कागदाचे छायाचित्र येईल, आणि एकमेकांना कधीही न भेटलेली माणसे एका शब्दावरून हुज्जत घालतील : हा 'सुत' की 'सूत'? मुलगा की धागा? यांपैकी कोणालाही परीक्षेला बसायचे नसते. ही माणसे मोडी का शिकतात, कशी शिकतात आणि त्यांच्याआधी ती कोण कशी शिकत असे, याविषयी हा थ्रेड.

प्रथम लिपीविषयी, थोडक्यात. पानाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत आधी रेघ ओढायची आणि मग अक्षरे त्या रेघेला टांगत जायची. हात शक्यतो उचलायचा नाही. शब्दांमध्ये अंतर नाही, विरामचिन्हे नाहीत, ऱ्हस्व-दीर्घाचा भेद पाळलेला नाही. परंपरा हिचे श्रेय देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याला देते; अभ्यासकांत त्यावर एकमत नाही. इतके मात्र खरे, की ही कारकुनाची लिपी. पोथीसाठी बालबोध, व्यवहारासाठी मोडी.

आता शिकण्याकडे येऊ. पंतोजीच्या शाळेत मूल धूळपाटीवर अक्षर गिरवी, कित्त्यावरून हात वळवी. पण तेवढ्याने दप्तरातला कागद वाचता येत नसे. खरे शिक्षण पुढे कचेरीत होई. वयात आलेला मुलगा ओळखीपाळखीने एखाद्या कारकुनाच्या हाताखाली बसे, वेतनाशिवाय नकला करी, चुका खाई आणि जागा रिकामी होण्याची वाट पाही. त्याला 'उमेदवार' म्हणत. आज आपण निवडणुकीपुरता वापरतो तो शब्द शिकाऊ माणसाचाही होता. 'उमेदवारी करणे' या प्रयोगात तो अर्थ अजून जिवंत आहे. मोडी ही लहानपणी शाळेत येणारी आणि शाळेबरोबर संपणारी विद्या कधीच नव्हती. ती मोठ्या माणसांनी मोठ्या माणसांच्या शेजारी बसून शिकण्याची गोष्ट होती. 'लिपी शाळेतून गेली म्हणून मेली' हे विधान मला म्हणूनच अर्धवट वाटते.

शाळेतून ती गेली, हे खरेच. छापखान्याशी तिचे जमले नाही. विल्यम कॅरीने श्रीरामपूर येथे १८१० साली छापलेला मराठी कोश मोडी टाइपात आहे. पण तो अपवाद. पुस्तके, वर्तमानपत्रे, क्रमिक पाठ्यपुस्तके सर्व बालबोधीत निघत गेली. स्वातंत्र्यानंतर थोड्याच वर्षांत शाळांतून मोडी नाहीशी झाली आणि आजोबांची पत्रे नातवाला परकी झाली.

कागद मात्र राहिले, आणि मराठी मुलखात कागद म्हणजे हक्क. १८५२ च्या कायद्याने इनाम कमिशनला सनदा तपासण्याचे अधिकार मिळाले, तेव्हा ज्यांना समाधानकारक कागद दाखवता आला नाही त्यांच्या जमिनी सरकारजमा झाल्या. पुढे राजवाड्यांनी गावोगाव हिंडून दप्तरे धुंडाळली. 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड १८९८ चा. १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. १९३० ते १९३४ या काळात सरदेसायांनी पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड काढले. 'निवडक' हा शब्द येथे लक्षात ठेवा. पुण्याच्या पुराभिलेखागारात कापडी रुमालांत बांधलेली हजारो गाठोडी आहेत. त्यांतील बहुतांश मजकूर छापला गेलेला नाही. तंजावरच्या सरस्वती महालातही मोडी कागदांची गाठोडी आहेत.

वाचणारे हात कमी, वाचायचे कागद अफाट. या पोकळीत इंटरनेट आले.

गंमत अशी, की तंत्रज्ञानाने मोडीला अधिकृत जागा जून २०१४ मध्ये दिली : युनिकोड ७.० मध्ये ती समाविष्ट झाली. पण शिकणाऱ्यांना हवा होता तो टंक नव्हे, कॅमेरा. फोनने काढलेले स्पष्ट छायाचित्र, ते बोटांनी मोठे करून पाहण्याची सोय आणि विचारायला चार माणसे, एवढे पुरेसे होते. पुराभिलेख संचालनालय व काही संस्था मोडीचे वर्ग घेतात. बाराखडी तिथे येते, प्रमाणपत्रही मिळते. पण वर्ग संपतो आणि सराव उरतो. तो सराव आता गटांवर चालतो. उमेदवार पुन्हा कारकुनाशेजारी बसला आहे. फक्त कारकून कोण आणि उमेदवार कोण, हे दर कागदागणिक बदलते.

तो बदल कसा होतो ते पाहण्यासारखे आहे. समजा, एखाद्या पत्रात 'इहिदे सितैन मया व अलफ' असे आले. अक्षरे नीट लागली तरी नवशिक्याला अर्थ लागत नाही. मग गटातला कोणी सांगतो की हा शुहूर सन, संख्या अरबी शब्दांत आणि एककापासून उलट्या क्रमाने : इहिदे १, सितैन ६०, मया १००, अलफ १०००. म्हणजे ११६१. दुसरा भर घालतो की हे साल मृग नक्षत्रावर सुरू होते, म्हणून मृगापासून डिसेंबरअखेर ५९९ मिळवा आणि जानेवारीपासून पुढच्या मृगापर्यंत ६००. उत्तर येते १७६०-६१, म्हणजे पानिपतचे वर्ष. तिसरा विचारतो, तारखेपुढचा 'छ' कशाचा? तो चंद्राचा, मुसलमानी महिन्यातील तिथी दाखवणारा. पण कागद जमीन-महसुलाचा निघाला, की सनावळीचा हा जाणकार गप्प होतो आणि तलाठी म्हणून निवृत्त झालेले एखादे काका बोलू लागतात. चाहूर, बिघा, पड जमीन, गावठाण हे त्यांच्या हाताखालून गेलेले शब्द. आम्हा पदव्युत्तर विद्यार्थ्यांना हे वर्गात फारसे मिळत नाही, हे कबूल केले पाहिजे.

आता 'ध चा मा'. मोडी शिकणाऱ्यांच्या प्रत्येक बैठकीत हा विषय निघतोच. नारायणरावांस 'धरावे' या हुकमातील अक्षर बदलून आनंदीबाईंनी 'मारावे' केले, ही कथा. तो मूळ कागद इतिहासाला उपलब्ध नाही. तरी कथा टिकली, कारण एका अक्षराने माणसाचे भवितव्य फिरते ही भीती खरी आहे.

ती भीती २०२३ मध्ये पुन्हा प्रत्यक्ष झाली. मराठा समाजाच्या कुणबी नोंदी शोधण्यासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली. मराठवाड्यात निजामकालीन उर्दू-फारसी आणि मोडी दप्तरे उघडली, जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या बाहेर आल्या आणि जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर त्यांच्या प्रतिमा चढल्या. मोडी वाचणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. कालपर्यंत छंद म्हणून शिकणाऱ्यांकडे लोक पणजोबांच्या नावाचा कागद घेऊन येऊ लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर तुमचे मत काहीही असो. ज्याचा दाखला त्या नोंदीवर अवलंबून आहे, त्याला 'बहुधा असे असावे' या वाचनाचा उपयोग नाही.

आणि गटांची दुर्बलता नेमकी येथेच आहे. तेथे उत्तर लवकर देण्याची चढाओढ असते. छायाचित्र अर्धे कापलेले, कागद कोणत्या दप्तरातला हे लिहिलेले नसते. घराण्याचा अभिमान असला की 'पाटील'च्या जागी 'सरदार' दिसू लागतो. बनावट सनदाही फिरतात, आणि त्यांचे अक्षर अनेकदा अस्सलापेक्षा सुबक असते. कचेरीतल्या उमेदवाराची चूक वरचा कारकून शाई वाळण्याआधी पकडी. येथे ती पुढे पाठवली जाते. चांगल्या गटांनी यावर एक साधा नियम केलेला दिसतो : ओळ लागली नाही तर टिंबे द्या, अंदाज भरू नका. राजवाड्यांच्या पिढीपासून छापील साधनांत फाटलेल्या जागी अशीच टिंबे आढळतात.

२०२५ मध्ये आयआयटी रुडकीच्या संशोधकांनी मोडीचे देवनागरीत लिप्यंतर करणारे प्रारूप जाहीर केले. त्यासाठी २,००० हून अधिक कागदांच्या प्रतिमा जाणकारांनी तपासलेल्या वाचनासह जमवाव्या लागल्या. म्हणजे यंत्रालाही उमेदवारी चुकली नाही, आणि त्याचा कित्ता माणसांनीच घालून दिला.

जाता जाता एक सराव. सलास म्हणजे ३, सबैन म्हणजे ७०. 'सलास सबैन मया व अलफ' हे साल काढा. त्या वर्षीच्या कार्तिकात थेऊरला एका पेशव्याचे निधन झाले. इसवी सन आणि नाव, दोन्ही उत्तरात लिहा. साल कसे काढले तेही लिहा.