आयर्लंडमधील बटाट्याची कूज आणि साठवणीचा प्रश्न

वनस्पतिशास्त्राच्या दृष्टीने बटाटा हे मूळ नसून भूमिगत खोड होय. तथापि शेतीच्या व्यवहारात त्याची गणना कंदमुळांतच केली जाते. धान्य वाळले की त्यातील जीवनव्यापार जवळजवळ थांबतो. कंद मात्र काढणीनंतरही जिवंत असतो. तो श्वसन करतो, पाणी गमावतो आणि जखम झाल्यास ती भरूनही काढतो. त्यामुळे कंदाच्या साठवणीत कुजण्याचे कारण ओळखणे हाच मुख्य प्रश्न ठरतो. ते चुकीचे ओळखले गेले तर चांगली म्हणून दिलेली सूचनाही निष्फळ होते. १८४५ सालचे आयर्लंड हे याचे दारुण उदाहरण होय.

१८४१ च्या शिरगणतीनुसार आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८२ लक्ष होती आणि त्यांपैकी सुमारे ३० लक्ष लोक जवळजवळ सर्वस्वी बटाट्यावर जगत होते. गरिबांच्या शेतात मुख्यत्वे ‘लंपर’ हा भरघोस पिकणारा वाण असे. शरद ऋतूत काढलेले बटाटे उथळ खड्ड्यात ढीग करून ठेवावयाचे व त्यांवर गवत आणि माती घालावयाची, अशी रूढ पद्धत होती. हा खड्डा हेच कुटुंबाचे कोठार. १८४५ च्या उन्हाळ्यात बेल्जियममध्ये दिसलेला करपा सप्टेंबरपर्यंत आयर्लंडमध्ये पोहोचला. पाने काळवंडली, तरी अनेक ठिकाणी खणून काढलेले बटाटे वरकरणी निरोगी दिसले. ते नेहमीप्रमाणे खड्ड्यांत भरले गेले आणि काही आठवड्यांतच तेथे दुर्गंधियुक्त लगदा उरला.

पंतप्रधान रॉबर्ट पील यांनी ऑक्टोबरमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ जॉन लिंडली व रसायनशास्त्रज्ञ लायन प्लेफेअर यांना डब्लिनला धाडले. रॉबर्ट केन हे आयरिश रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. थंड, ओलसर व सूर्यप्रकाशहीन हवामानामुळे झाडात पाणी साचले आणि त्यामुळे ते कुजले, अशी लिंडली यांची उपपत्ती होती. समितीच्या सूचना तिच्याशी सुसंगतच होत्या : बटाटे वाळवावेत, खड्ड्यात हवा खेळती ठेवावी, चुना वा कोरडी माती यांसारख्या द्रव्यांचे थर द्यावेत, बिघडलेले बटाटे किसून त्यांतील पिष्ट वेगळे काढावे. यांतील कोरडेपणा व वायुवीजन यांविषयीचा उपदेश मुळात अयोग्य नव्हता. परंतु ओलावा हे रोगाला पोषक असे निमित्त होते, रोगाचे कारण नव्हते. जो कंद शेतातच बाधित झाला होता, त्याला उत्तम रचलेला खड्डाही वाचवू शकत नव्हता. शिवाय एका खोलीच्या झोपडीत राहणाऱ्या कुटुंबाने ओल्या ऋतूत शेकडो शेर बटाटे कोठे वाळवावेत, याचे उत्तर त्या सूचनांत नव्हते.

दुसरी उपपत्ती त्याच वेळी पुढे आली होती. कामीय मोंतान्य यांनी १८४५ मध्येच पॅरिसमध्ये या बुरशीचे वर्णन केले होते. इंग्लंडमधील धर्मोपदेशक माइल्स जोसेफ बर्कली यांनी १८४६ च्या प्रारंभी, बुरशी हा कुजण्याचा परिणाम नसून तिचे कारण होय, असे प्रतिपादिले. ते बहुतेकांना पटले नाही. निर्णायक प्रयोगाचा पुरावा तेव्हा नव्हता. १८५७ मध्ये श्पेअरश्नायडर यांनी पानांवरील बीजाणूंपासून कंदाला रोग जडतो हे दाखविले. १८६१ मध्ये अंतोन द बारी यांनी बीजाणू झाडात कसे शिरतात ते सिद्ध केले आणि १८७६ मध्ये या जीवाला ‘फायटोफ्थोरा’ हे नाव दिले. आज हा जीव खऱ्या बुरशींत न गणता अंडकवकांच्या निराळ्या गटात गणला जातो.

या संशोधनामुळे खड्ड्यातील कुजीचा मार्ग उलगडला. पावसाने बीजाणू पानांवरून मातीत उतरतात आणि डोळे, त्वचारंध्रे किंवा काढणीच्या जखमा यांतून कंदात शिरतात. तेथे तांबूस-तपकिरी, घट्ट कूज होते. पुढचा मऊ, दुर्गंधी लगदा हे बहुधा मागाहून शिरणाऱ्या जीवाणूंचे काम असते. रोगट कंद जपून ठेवल्यास त्याबरोबर पुढील हंगामाच्या रोगाचे मूळही जपले जाते. १८८० नंतरच्या दशकात डेन्मार्कच्या येन्सेन यांनी सरींना मातीची उंच भर द्यावी आणि पाला मरेपर्यंत काढणी लांबवावी असे सुचविले, ते याच ज्ञानाच्या आधारे. १८८५ नंतर मोरचूद व चुना यांचे मिश्रण पानांचेही रक्षण करू लागले.

काढणीनंतर निरोगी कंद १० ते १५ दिवस माफक उष्ण व दमट हवेत ठेवल्यास जखमांवर बुचासारखा संरक्षक थर येतो. करप्याने बाधलेल्या मालाला मात्र हीच हवा घातक ठरते. तो त्वरेने कोरडा व थंड करावा लागतो. यावरून साठवणीचा सर्वत्र लागू पडणारा एकच नियम नाही, हे स्पष्ट होते.

१८४६ मध्ये पिकाचा सुमारे तीन-चतुर्थांश वा त्याहूनही अधिक भाग नष्ट झाला. १८५१ च्या शिरगणतीत लोकसंख्या सुमारे ६६ लक्षांवर आली. सुमारे दहा लक्ष लोक मृत्युमुखी पडले, तितक्याच किंवा त्याहून अधिक लोकांनी देशत्याग केला. इतक्या मोठ्या हानीचे खापर केवळ एका चुकलेल्या उपपत्तीवर फोडणे इतिहासाला धरून होणार नाही. जमिनीची व्यवस्था, दारिद्र्य आणि शासनाचे धोरण यांचा वाटा त्यात मोठा होता. तथापि साठवणीच्या इतिहासापुरता निष्कर्ष निश्चित आहे : कंदाचे भवितव्य कोठारात नव्हे, तर काढणीपूर्वी शेतातच बव्हंशी ठरलेले असते.