युनायटेड किंग्डममधील परदेशी रहिवासी आणि मधुमेहोपचार

युनायटेड किंग्डममध्ये शिक्षण वा नोकरीनिमित्त राहणाऱ्या परदेशी नागरिकांना मधुमेहावरील उपचार प्रामुख्याने राष्ट्रीय आरोग्य सेवेमार्फत (एनएचएस) मिळतात.

आरोग्य अधिभार

सहा महिन्यांहून अधिक मुदतीच्या व्हिसासाठी बहुतेक अर्जदारांना आरोग्य अधिभार आगाऊ भरावा लागतो. २०१५ मध्ये तो वार्षिक २०० पौंड होता. फेब्रुवारी २०२४ पासून तो १,०३५ पौंड, तर विद्यार्थ्यांसाठी ७७६ पौंड आहे. मधुमेह आधीपासून असला तरी अधिभार वाढत नाही. अल्पकालीन पर्यटकांना मात्र इंग्लंडमध्ये बहुतेक रुग्णालयीन उपचारांचा खर्च स्वतः करावा लागतो.

नोंदणी व औषधे

उपचारांचा आरंभ निवासाजवळच्या सामान्य चिकित्सकाकडे (जीपी) नोंदणी करण्यापासून होतो. ही नोंदणी निःशुल्क असते. इंग्लंडमध्ये औषधांसाठी शुल्क आकारले जाते. परंतु इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना सूट प्रमाणपत्र मिळते व त्यांची सर्वच औषधे विनामूल्य होतात. केवळ आहारनियंत्रणावर असलेल्यांना ही सूट लागू नाही. स्कॉटलंड, वेल्स व उत्तर आयर्लंडमध्ये औषधशुल्क नाही.

मोजमापातील फरक

भारतात रक्तशर्करा मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरमध्ये, तर ब्रिटनमध्ये मिलिमोल प्रति लिटरमध्ये मोजतात. भारतीय आकड्यास १८ ने भागल्यास ब्रिटिश आकडा मिळतो, उदा. १८० म्हणजे १०. एचबीए१सी चाचणीतील ६.५ टक्के तेथे ४८ असे नोंदवले जाते. एककांच्या गोंधळामुळे इन्सुलिनची मात्रा चुकण्याचा धोका असल्याने जुने अहवाल एककासह दाखवणे आवश्यक ठरते.