बाहुली, पुतली, पाप

१९४८ पर्यंत हिंगोली निजामाच्या राज्यात होती. घरात मराठी, कचेरीत आणि शाळेत उर्दू, तेलंगणातून आलेल्यांच्या तोंडी तेलुगू, आणि गावाला लागून हैदराबाद कंटिंजंट या फौजेची छावणी होती तोवर गोऱ्या अंमलदारांची इंग्रजीही. डोळ्यातल्या काळ्या ठिपक्याला या चारही भाषांत नाव आहे आणि चारही नावांत त्या ठिपक्यात कुणीतरी बसलेलं आहे. मराठीत बाहुली. उर्दूत पुतली, फारसी वळणाने बोलायचं तर मर्दुमक, म्हणजे इवलासा माणूस. तेलुगूत कंटिपाप, मराठी कानाला यात भलतंच ऐकू येतं, पण तिथे 'पाप' म्हणजे तान्हं मूल. इंग्रजी 'प्युपिल' लॅटिन 'पुपिल्ला'वरून आला: छोटी मुलगी, बाहुली. वर्गातला 'प्युपिल' याच घराण्यातला, पालकाच्या ताब्यात दिलेलं पोरकं मूल.

कुणी कुणाचा शब्द उचलला? मला वाटतं, उचलायची गरजच नव्हती. समोरच्याच्या डोळ्यात वीतभर अंतरावरून पाहिलं की आपणच आत उभे दिसतो. डोळ्यावरचं पारदर्शक पटल बहिर्गोल आरशाचं काम करतं आणि मागे काळोख असल्याने ती सुलटी, चिमुकली प्रतिमा ठसठशीत उठते. ग्रीकांनीही तिला 'कोरे', मुलगी, म्हटलं. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'आल्किबियाडीस' संवादात सॉक्रेटिस या प्रतिबिंबाचाच दाखला देतो. मात्र इतक्या जवळून डोळ्यात कोण पाहतं? मांडीवरचं मूल आणि त्याची आई. अशी नावं पंडितांच्या बैठकीत जन्मली असतील यावर माझा विश्वास नाही.

पंडितांनी मग त्यावर इमले चढवले, तेही देखणे. संस्कृतातली कनीनिका ही कन्येच्याच गोतातली. तैत्तिरीय संहितेत इंद्राने वृत्राला मारलं तेव्हा त्याची कनीनिका निखळून पडली आणि तिचं अंजन झालं, अशी कथा आहे. बाळाच्या डोळ्यात काजळाचं बोट फिरवताना हा वृत्र कुणाला आठवत नाही, ते बरंच आहे. छांदोग्य उपनिषदात प्रजापती शिकायला आलेल्या दोघांना सांगतो, डोळ्यात जो पुरुष दिसतो तोच आत्मा. असुरांचा विरोचन आपलं प्रतिबिंब पाहून खूश होऊन घरी गेला. इंद्राला वाटेतच शंका आली. तो परतला आणि एकूण १०१ वर्षं शिष्य राहिला.

आपली बाहुली या पोथ्यांतून आलेली नाही. बाराव्या शतकात हेमचंद्राने संस्कृतातून व्युत्पत्ती न लागणारे शब्द 'देशीनाममाले'त गोळा केले, त्यांत 'बाउल्ली' आहे. त्याच्याही कितीतरी आधी, हिंगोली जिल्ह्यातली पूर्णा जिला मिळते त्या गोदावरीच्या खोऱ्यातल्या सातवाहन राजा हालाच्या नावावर असलेल्या 'गाथासप्तशती'त हा शब्द भिंतीवर रंगवलेल्या आकृतीसाठी येतो. मित्र कसा असावा, तर त्या चित्रासारखा, संकटात तोंड न फिरवणारा. तिथे डोळ्याचा काही संबंध नाही. पण भिंतीवरची असो की डोळ्यातली, आपण पाहत असेपर्यंत ती आपल्याकडेच पाहत राहते; म्हणून हे नाव डोळ्यात इतकं चपखल बसलं असावं, असा माझा आपला तर्क.

सुश्रुताला यातलं काही नको होतं. त्याने डोळ्यातल्या 'दृष्टी'चं माप दिलं: मसुरीच्या डाळीएवढी. वैद्याला तेवढं पुरतं.

आज हिंगोलीतली मुलं दहावीच्या विज्ञानात मानवी डोळा शिकतात. तिथे कॉर्नियाला पारपटल, रेटिनाला दृष्टिपटल अशी घडवलेली नावं आहेत. रंगीत पडदा तो बुबुळ. आणि त्याच्या मधोमध, उजेडात आकसणारं नि अंधारात रुंदावणारं भोक आहे त्याला, कनीनिका हाताशी असूनही, पुस्तकाने डोळ्याची बाहुलीच म्हटलं आहे.